वीतभर उरलेला कासरा

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे. आता जेमतेम वीतभर उरलोय, पण एके काळी चांगला दहा हात लांब होतो. वडगाव रासाईच्या बबनरावांनी, म्हणजे आबांनी, घायपात भीमेच्या पाण्यात कुजवलं आणि त्याचा वाख मांडीवर वळून मला केलं. "असा कासरा उभ्या शिरूर तालुक्यात न्हाई," ते म्हणायचे. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर धूळ खात राहिलो.

२००१ साली सूनबाई भाग्यश्रीनं मला खाली काढलं. माहेराहून, भांडगावाहून आणलेल्या तिच्या खंड्या कुत्र्यानं सासूच्या दोन कोंबड्या मारल्या होत्या. त्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. एकवीस दिवसांत पिल्लं अंगणात येणार होती.

"सूनबाई, एक जरी पिल्लू गेलं, तर कुत्रं दौंडला नेऊन सोडीन," आबा म्हणाले. "मग रडायचं न्हाई."

"तवर शिकवते की त्याला, आबा."

"कुत्र्याला शाळेत घालती व्हय गं!" सासूबाई, जाईबाई, हसल्या.

भाग्यश्रीचं तान्हं बाळ झोपलं की ती मला खंड्याच्या गळ्यात बांधून कोंबड्यांसमोर बसायची. तो झेपावला की माझा पीळन् पीळ करकरायचा. त्यानं कोंबडीवरची नजर काढून भाग्यश्रीकडं पाहिलं की भाकरीचा तुकडा. आरडाओरडा नाही, काठी नाही. दहा दिवसांत तो गप बसू लागला. मला वाटलं, सगळी करामत माझीच!

अकराव्या दिवशी तिनं गाठ सोडली. त्याच क्षणी खंड्यानं झेप घेतली. कोंबडी कशीबशी छपरावर गेली, पण शेपटीची पिसं त्याच्या तोंडात राहिली.

भाग्यश्रीनं धावत जाऊन खंड्याला धरलं. जाईबाईंनी पिसं गोळा करून पदराखाली लपवली.

"अगं, त्यो तुला कुठं मानतोय? दोरीला मानतोय. ती कमी कर. आबांना मी न्हाई सांगत."

मग विळा आला. रोज थोडा थोडा मी तुटत गेलो. शेवटी गळ्याभोवती गाठ आणि खाली वीतभर शेपूट, एवढाच उरलो. धरायलासुद्धा पुरणार नाही इतका.

आणि पिल्लं अंगणात आली. आबा जेवता जेवता उठून दारात उभे राहिले. एक पिवळं पिल्लू तुरुतुरु चालत थेट खंड्याच्या पंजावर चढलं. माझ्या गाठीखाली खंड्याची शीर थडथड उडत होती. पिल्लानं त्याच्या नखावर टोच मारली. खंड्या थरथरला... आणि मान वळवून त्यानं भाग्यश्रीकडं पाहिलं.

आबा आत गेले आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी घेऊन आले. "घे रं," ते खंड्याला म्हणाले, "तुझी मास्तरीण पास झाली."

मित्रांनो, मी पुढं खंड्याच्या गळ्यातच राहिलो, पण मला पुन्हा कुणी ओढलं नाही. जनावराला नुसतं बांधून ठेवू नका, रोज घटकाभर त्याच्याजवळ बसा. मग माझ्यासारखा कासरा वीतभर उरला तरी पुरतो.