मशीनच्या पायाखालचं पाकीट

"हे पाकीट कुणाचं गं?" धाकट्यानं दारातून विचारलं. आत दोन शिलाई मशीनं धडधडत होती. त्याच्या दोघी बहिणी दप्तरं शिवत होत्या. कुणाला ऐकूच गेलं नाही.

ते पाकीट म्हणजे मी. माझ्या पोटात एकच कागद होता, ताईच्या तपासणीचा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळीच कळावा म्हणून दवाखान्यात बायकांची तपासणी झाली, तेव्हा ताई गेली होती. मधली लाजून घरीच राहिली.

धाकट्याचे आधी हात चालायचे, मग डोकं. ताईचं मशीन डगडगताना दिसलं आणि त्यानं माझी घडी घालून मला मशीनच्या पायाखाली सरकवलं. डगडग थांबली.

ताई खूश. "शाळा सोडली, पण अक्कल नाही सोडली हो यानं!"

दोन वर्षं मी तिथंच चिरडला जात होतो. ताईनं पायडल दाबलं की माझ्या छातीवर हादरा बसे. तिच्या पावलांपासून मी वीतभर लांब. अगं, तुझंच नाव आहे माझ्यात! पण कागदाला कुठला आवाज?

"ताई, तुझी चिठ्ठी आली का गं?" मधली विचारायची.

"नाही आली म्हणजे काही नाही. असतं तर कळवलं नसतं?"

मग पाळी नसतानाही तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. "उष्णता असेल," म्हणत तिनं आणखी काही महिने काढले. पुढं दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तिचं मशीन बंद राहिलं. एके दिवशी घरातून निघालेली ती पावलं परत आलीच नाहीत.

मशीन हलवताना मी धाकट्याच्या हाती लागलो. मला फोडून, आतला कागद गुडघ्यावर सरळ करून तो एकेक अक्षर लावत गेला. "वि-षा-णू सापडला... कर्करोगच असेल असं नाही... वे-ळीच उपचार... ता-त-डी-नं या."

तीनदा वाचलं त्यानं. "मधले, हे मी ठेवलं गं. मीच."

मधलीनं मला त्याच्या हातून घेतलं. मग म्हणाली, "जाऊन विचारायचं मलाही सुचलं नाही रे."

दुसऱ्याच दिवशी तो मधलीला आणि ताईच्या शाळकरी लेकीला घेऊन दवाखान्यात गेला. मी त्याच्या खिशात होतो. लेकीला त्या विषाणूची लस दिली. मधलीनं नर्सला हळूच विचारलं, "तपासणी दुखते का हो?"

"सुई बोटात घुसते ना मशीनवर? त्याहून कमी."

मी अजून त्याच्याच खिशात आहे, घडीवर फाटलेला. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी आलं तर आधी उघडा. नाही आलं, तर जाऊन विचारा.

तपासणी झाल्यावर महिन्यानं मधलीचं पाकीट आलं. आत मशीन धडधडत होतं. या वेळी धाकट्यानं दारातून काही विचारलं नाही. तो सरळ आत गेला, मशीनच्या चाकावरचा पट्टा ओढून काढला आणि पाकीट फोडून तिच्या हातात दिलं.