अडुसष्ट अर्थांचा शब्द

शब्दकोशाच्या कचेरीत ‘सेट’ या शब्दाला हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तो नोंदी लिहिणाऱ्या बाईंच्या गळ्यात पडला. चार महिने त्यांनी घरादाराला कामाला जुंपलं. मुख्य संपादकांचा नियम कडक होता: प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर कुणाच्या तरी तोंडचं खरं वाक्य आणि ते ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या.

दीर फरशीकाम करायचा. “वहिनी, सिमेंट सेट व्हायच्या आत पाय दिलात तर बघा,” असं तो म्हणाला, तेव्हा बाईंनी आधी वाक्य लिहून घेतलं आणि मग पाय उचलला. जाऊ बायकांचे केस सेट करून द्यायची. नवरा गजर सेट करायचा आणि झोपून राहायचा. सासूबाईंना कपबश्यांचा सेट हवा होता, आणि नातू नोकरीत सेट झालेला.

“या घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आण, कुठे सही करू?”

अडुसष्ट अर्थ झाले. तीन पानं भरली.

पानं छपाईला जायच्या दिवशी संपादकांनी बाईंना बोलावलं. “एका पानात बसवा. नाहीतर जुन्या आवृत्तीतली नोंद उचलतो. तिच्यात अकराच अर्थ आहेत, कुणाचं काही अडलं नाही.”

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “जी चिठ्ठी नियमात बसत नाही, ती काढा.”

संपादकांनी चष्मा पुसला आणि लाल पेन उघडलं. तासभर त्यांना काही सापडेना. मग एका चिठ्ठीवर ते थबकले आणि मोठ्यानं वाचू लागले. “‘साहेबांचं मत एकदा सेट झालं, की त्यापेक्षा सिमेंट मऊ.’ हे कोण म्हणालं?”

कोपऱ्यातला टंकलेखक खिडकीबाहेर पाहू लागला.

“असो. सही एकच आहे. ही बाद.” संपादकांचा चेहरा खुलला.

बाईंनी कपाळाला हात लावला. घाईत दुसरी सही राहून गेली होती.

“मी ऐकलंय ना,” दारातून मुद्रितशोधक म्हणाले. “मीपण,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. शिपायानं तर खिशातलं पेनच काढलं. “तारीख कुठली टाकू, तेवढं सांगा. आम्ही रोजच ऐकतो.”

चार सह्या झाल्या. वीस वर्षांत हा नियम संपादकांनी कुणासाठी वाकवला नव्हता. आता स्वतःसाठी वाकवला असता, तर कचेरीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

“अर्थ सिद्ध आहे,” ते म्हणाले. उरलेल्या चिठ्ठ्याही त्यांनी पाहिल्या. सगळ्या चोख.

“मग दोन पानं आणायची कुठून?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. त्यांनी ग्रंथाची सुरुवात उघडली, आपल्या पाच पानी प्रस्तावनेतली मधली दोन पानं निवडली आणि त्यांवर तिरकी लाल रेघ ओढली.

“उचला,” ते बाईंना म्हणाले. “आणि जिन्यात गप्पा मारत थांबू नका. छापखाना गाठा, मी ती पानं पुन्हा वाचायच्या आत.”

बाई धावतच सुटल्या.