तांबडीचं दूध

लागोपाठ दुसऱ्या दिवशी दही लागलं नाही. धाकटीनं पातेल्यात चमचा उभा केला, तो कलंडून तळाशी गेला. आत नुसतं दूध होतं. कालच्यासारखंच पातळ, कोमट आणि गोडसर.

त्या घरात दोन जावा. थोरली गोठा सांभाळायची, धाकटी दह्याची खोली. मध्ये अंगण, आणि त्या अंगणात दोघींचा जुना अबोला. दही रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जायचं. तिथल्या आचाऱ्यानं सकाळीच निरोप धाडला होता, की उद्या दही आलं नाही तर दुसरीकडून घेऊ.

"हातच तसला," थोरली दारातून म्हणाली. बोलली सासूबाईंशी, ऐकवलं धाकटीला. "मी लावायचे तेव्हा विटेसारखं लागायचं."

सासूबाई म्हणाल्या, "उद्या लागलं नाही तर खोलीची किल्ली थोरलीकडे."

त्या घरात धाकटीवर कुणी हुकूम सोडत नव्हतं अशी एवढी एकच खोली होती.

विरजण म्हणजे चिमूटभर जुनं दही, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो जिवंत जंतूंचा घोळका असतो. हे जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्ल पुरेसं साठलं की दूध सावकाश घट्ट होतं. दूध फार गरम असेल तर बिचारे भाजून मरतात, फार गार असेल तर पेंगत बसतात. धाकटीनं दोन्ही दिवस बोट बुडवून पाहिलं होतं. ऊब बरोबर होती. मग चुकलं कुठं?

तिनं पलीकडच्या गवळ्याकडून लोटाभर दूध आणलं. दोन सारखी भांडी घेतली. एकात त्याचं दूध, एकात घरचं. दोन्ही उकळून तेवढीच निववली, एकाच वाटीतलं विरजण घातलं आणि एकाच गोधडीत गुंडाळून ठेवली. संध्याकाळी ती भांडी अंगणात सासूबाईंपुढे आणून ठेवली.

गवळ्याचं लागलं होतं. घरचं दूध पळीनं ढवळता येत होतं.

"लिंबू पिळलं असेल त्यात," थोरली म्हणाली. "नाटकं करायला हिला शिकवावं लागत नाही."

सासूबाईंनी चमचा घातला. दह्याची गुळगुळीत वडी निघाली. "लिंबानं दूध फाटतं, थोरले. चोथा वेगळा, पाणी वेगळं. हे फाटलेलं नाही, लागलेलं आहे."

"म्हणजे मी पाणी घालते म्हणा की सरळ!"

"पाण्यानं दही पातळ होतं, वहिनी," धाकटी म्हणाली. "इथं लागायचंच थांबलंय. कुठली गाय आजारी आहे?"

थोरलीनं पदर खोचला आणि ती उगाचच झाडू शोधू लागली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गोठ्यात गेल्या. मागोमाग दोघी.

तांबडीच्या कासेची एक बाजू सुजून लाल झाली होती. वर फळीवर औषधाच्या रिकाम्या नळ्या पडल्या होत्या. सडातून आत सोडायचं औषध.

"डॉक्टरनं दिलंय," थोरली म्हणाली. "चोरून नाही आणलं."

"दूध वेगळं काढून टाकून द्यायला नाही सांगितलं त्यांनी?" धाकटीनं विचारलं.

"सांगितलं. सांगायला काय जातं? भरली बादली ओतून दाखव म्हणावं. आणि एवढ्या गायींच्या दुधात एका गायीचं कितीसं? उकळलं की जातं सगळं."

"दोन्ही दिवस उकळूनच लावलं होतं मी. गेलं असतं तर दही लागलं असतं. ते औषध जंतू मारायलाच बनवलंय. कासेतला वाईट आणि विरजणातला आपला, हे त्याला कोण शिकवणार? तुम्ही?"

"जीभ बघा, आई, हिची."

सासूबाईंनी एक नळी उचलून डोळ्यांजवळ धरली. "आजारी माणसं खातात ते दही. एखाद्याला हे औषध सोसत नसेल तर?"

"लागलंच नाही तर खाल्लं कुणी? मेलं का कुणी?"

"सकाळी हिच्या हाताला नावं ठेवत होतीस, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"कालपासून माहीत होतं," थोरली म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "ती खोली आधी माझी होती."

तांबडीनं शेपटी झटकली.

"किल्ली धाकटीकडेच राहील," सासूबाई म्हणाल्या. "दूध थोरलीच काढेल. दोघींपैकी एकीलाही मी घराबाहेर काढू शकत नाही. मला तेवढं बळ नाही."

"मग डॉक्टर हो म्हणेपर्यंत तांबडीचं दूध माझ्यासमोर ओतायचं," धाकटी म्हणाली. "मी येऊन उभी राहणार."

"ये ना. शेणात उभी राहा."

सकाळी धाकटी गोठ्यात गेली. आदल्या दिवसाचं सगळं दूध तिनं आधीच मोरीत ओतून दिलं होतं, आणि गवळ्याकडून रात्री आणखी दूध आणून लावलेलं दही रुग्णालयाकडे रवाना झालं होतं. थोरलीनं बाकीच्या गायींचं दूध कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलं आणि शेवटी तांबडीखाली बसली. तिनं धार काढली. बादली भरली, वर फेस आला. ती उठली, धाकटीच्या डोळ्यांत बघत तिनं बादलीला पाय लावला.

दूध धाकटीच्या पावलांवरून, साडीच्या काठावरून वाहत गेलं.

"ओतायचं होतं ना? ओतलं."

धाकटी मागे सरली नाही. पांढरा ओघळ गटारापर्यंत गेला, पातळ झाला, संपला. मग तिनं वाकून बाकीच्या दुधाचा कॅन उचलला.

"उद्या परत येते," ती म्हणाली.

"शेणाला तोटा नाही," थोरली म्हणाली.