पहिलं ऐकणं

माझा नवरा आणि माझा सख्खा मोठा भाऊ यांच्यात कित्येक वर्षं अबोला होता. कारण सांगितलं तर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. जमीनजुमला नाही, मानपान नाही. एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा अल्बम!

दोघं कॉलेजात एका बाकावरचे, तिथेच या बँडपायी खुळावले. या मंडळींचं एक गाणं सुरू झालं की माझे कपडे मशीनमधून धुऊन निघतात, तरी गाणाऱ्याने अजून तोंड उघडलेलं नसतं. तर मागच्या अल्बममध्ये त्यांनी चक्क चार मिनिटांचं, शिट्टीवर वाजवता येईल असं गाणं केलं. दादा म्हणाला, "विकले गेले." नवरा म्हणाला, "उलट आता कुठे परिपक्व झाले." शब्दाने शब्द वाढला आणि दादा जो उठून गेला, त्याने पुन्हा माझ्या घरात पाय ठेवला नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून मला तो एकटाच उरला होता. बँड गेला खड्ड्यात, मला माझा भाऊ हवा होता.

यंदा त्या बँडवाल्या म्हाताऱ्यांचा नवा अल्बम आला. सगळे सत्तरीच्या पुढचे. नवऱ्याने रेकॉर्ड मागवली. दादाने घर बदलताना आपला प्लेअर विकून टाकलेला आणि मोबाईलवर ऐकणं दोघांनाही पाप वाटतं, हे मला ठाऊक होतं. मी फोन केला, "रेकॉर्ड आलीय. ऐकायची तर रविवारी दुपारी ये. नाहीतर फ्रेमचं दुकान आहे माझं, काचेआड घालून भिंतीला ठोकून टाकीन."

मुकाट्याने आला.

पहिल्या ऐकण्याचे या दोघांचे नियम असतात. पडदे ओढायचे. मोबाईल बाहेर. आधी कुठेही एक सूरसुद्धा ऐकायचा नाही. कव्हरवरचं अक्षर वाचायचं नाही, नाहीतर म्हणे मन दूषित होतं. मला हे नियम लागू नाहीत, कारण मला यातलं काही कळत नाही यावर दोघांचं फार जुनं एकमत आहे. त्यामुळे आठवडाभर दुकानात मोबाईलवर तोच अल्बम लावून मी फ्रेमच्या पट्ट्या कापत होते, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. खरं सांगू? मी त्याच्या प्रेमातच पडले होते. काय खट्याळ वाजवलंय! म्हाताऱ्यांना कसली भीडच उरली नव्हती. एका गाण्यात तर मधेच कुणीतरी खो-खो हसतं.

नवऱ्याने सुई टेकवली आणि मी दारातच थबकले. गाणं चालत नव्हतं, रांगत होतं. गाणारा जड, घोगऱ्या आवाजात एकेक शब्द ओढत होता. माझ्या लगेच ध्यानात आलं. रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची होती आणि प्लेअर नेहमीसारखा तेहतीसवर. वेग बदलायचं बटण आमच्या घरात कुणी कधी दाबलेलंच नाही. कव्हरवर लिहिलं होतं की ठसठशीत! पण वाचायचं नाही ना.

मी तोंड उघडलं आणि दादाकडे नजर गेली. डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळत होतं. नवऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी मूग गिळून गप्प बसले.

संपल्यावर दादा म्हणाला, "मरणाशी बोलतायत रे."

"आवाज बघ किती खोल गेलाय," नवरा म्हणाला. "आणि दोन सुरांमधली ती जागा!"

"मागे मी उगाच भांडलो तुझ्याशी."

"छे रे, मीच मूर्ख."

दोघांनी मिठी मारली. मलाही रडू फुटलं. ते पाहून नवरा कौतुकाने म्हणाला, "बघ, हिलासुद्धा पोचलं थोडंफार." तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी उठून चहा टाकला.

मग दादा दर रविवारी येऊ लागला. पडदे, सोफा, रांगणारं गाणं, उसासे. एवढा अर्थ कळल्यावर कव्हर वाचायची दोघांना गरजच वाटली नाही. माझी काही तक्रार नव्हती. पण एका रविवारी तो लेख घेऊन आला. बँडच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरणार होता आणि दादा तिथे सगळ्यांसमोर तो वाचणार होता. विषय, अल्बमचा संथपणा आणि मृत्यूची चाहूल. त्याने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या भावाला भर सभेत लोक हसणार? सांगावं तर हा परत उठून जाणार. न सांगावं तर त्याची शोभा होणार.

मी उठले आणि बटण दाबलं.

गाणं ताडकन उभं राहिलं आणि नाचायलाच लागलं. तो हसणारा माणूससुद्धा नीट हसला.

"हे काय आहे?" दादाने विचारलं.

"हाच तो अल्बम. इतके दिवस तुम्ही चुकीच्या वेगाने ऐकताय."

दोघांचे चेहरे पाहवेनात. दादा चपला शोधणार, असं वाटून मी दारात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात नवऱ्याने हात लांब करून पुन्हा तेहतीसचं बटण दाबलं.

"वेग त्यांचा चुकलाय," तो म्हणाला.

दादाने मान डोलावली. "आपण बरोबर ऐकत होतो. त्यांनीच घाईघाईत उरकलं." मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आमची मजा बघत बसलीस?"

"अरे, तू येत राहावास म्हणून..." मी म्हणाले. त्याने तोंड फिरवलं.

लेख त्याने फाडला नाही. बँडला स्वतःचंच संगीत कसं कळलं नाही, यावर एक परिच्छेद वाढवला आणि नवऱ्याने तो तपासून दिला. मेळाव्यात म्हणे खूप वाद झाला, दोघं भलतेच खूश होऊन परतले.

दादा अजून दर रविवारी येतो. मी दार उघडते, तो माझ्याकडे न बघता आत जातो. नवराही रविवारपुरता त्याच्या बाजूने असतो. आत दोघं कॉलेजातल्यासारखे खिदळतात आणि मी स्वयंपाकघरात बसून ऐकते. भाऊ घरी यायला हवा, एवढाच माझा हट्ट होता. त्याने माझ्याशी बोलायलाही हवं, हे मागायचं तेवढं राहून गेलं.