दोरी ओढायची नाही

गेल्या वर्षी आमची वन्सं मॅरेथॉनमधून बाद झाली, आणि तिला बाद केलं तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. तेही प्रेमापोटी.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. ही हाक आता म्हाताऱ्या बायकाच मारतात. मी तिला चिडवायला मारली आणि ती कायमची चिकटली. विशीत तिची नजर कमी होत गेली आणि तिशीच्या आत पूर्ण गेली. एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर ती नोकरी करते, दिवसभर घाबरलेल्या लोकांना योग्य त्या खोलीत जोडून देते, आणि पहाटे धावते. न दिसणाऱ्याला धावायचं तर शेजारी एक डोळस जोडीदार लागतो. एका छोट्या दोरीची दोन टोकं दोघांच्या हातांत. दोरी सोडायची नाही, जोडीदाराने ओढायचं नाही, आणि शेवटच्या रेषेवर आधी पाऊल पडायचं ते धावणाऱ्याचं. हे नियम आमच्या ह्यांना तोंडपाठ होते. पण रेषा दिसली आणि ह्यांना उमाळा आला. "आलं, आलं, चल!" असं ओरडत हे बहिणीला ओढत स्वतःच आधी पलीकडे गेले. पंचांनी तिथल्या तिथे बाद केलं.

एवढं अंतर स्वतःच्या पायांनी कापलं आणि तिच्या नावापुढे निकाल नाही. "ओढून आणलेलं सामान," असं ती स्वतःलाच म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस भावाशी बोलली नाही. एकाच टेबलावर जेवताना "वहिनी, दादाला सांग मीठ इकडे कर," असं चालायचं. मी मधल्या मध्ये निरोप्या. दोघंही सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशा जातीची.

मग एकदा जेवता जेवता तिने जाहीर केलं, "यंदा परत धावणार. दादा नाही. वहिनी, तू."

मी एका दुकानात पडदे शिवते. दिवसभर मशीनवर बसायचं, संध्याकाळी कंबर धरून उठायचं. माझं धावणं म्हणजे गॅसवरच्या दुधापर्यंत, आणि तेही बहुतेक वेळा उतू गेलेलंच असतं.

"अगं, मी बस पकडायला धावत नाही," मी म्हटलं. "दुसरी येईल म्हणते."

"म्हणूनच. तुला घाई नाही. तू ओढणार नाहीस."

"आणि वाटेत मेले तर?"

"तर आधी दोरी दुसऱ्याच्या हातात दे."

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. मला दोघांचाही राग आला. एकाने घाण करून ठेवायची, दुसरीने हट्ट धरायचा, आणि निस्तरायचं मी. पण वन्संचा चेहरा मी पाहिला. ती विनवत नव्हती. तिला तिच्या नावाचा निकाल हवा होता, कोणी ओढून न दिलेला, आणि त्यासाठी तिने मला निवडलं होतं. मी हो म्हणाले.

पहिले काही महिने मी रोज पहाटे तिला शिव्या देत उठले. दोरी मी दुकानातूनच आणली, पडदे बांधायची, मऊ आणि जाड. धावताना बोलायला माझ्याकडे श्वास उरायचा नाही, आणि "खड्डा" म्हणेपर्यंत खड्डा मागे गेलेला असायचा. मग कधीतरी मी बोटांत दोरीला नुसता पीळ द्यायला लागले. आत पीळ दिला की माझ्या बाजूला वळण, बाहेर दिला की तिच्या बाजूला, दोनदा दिला की पायरी किंवा उंचवटा. ओढणं नाहीच, दोरी फक्त बोटात फिरते. हे आम्ही कधी ठरवलं नाही. शिवताना पाय आपोआप मशीनवर पडतो तसं ते झालं, आणि त्याला काही नाव आहे किंवा ते कोणाला सांगायची गोष्ट आहे असं आमच्या दोघींच्याही मनात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी रस्ता माणसांनी फुलून गेला होता. कोणी जागच्या जागी उड्या मारत होतं, कोणी पायांना मलम चोळत होतं, एक आजोबा उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. ह्यांना आम्ही शेवटच्या रेषेपाशी उभं राहायला पाठवलं होतं, तोंडाला कुलूप लावून, कारण यांचा आवाज ऐकला की वन्सं बिथरते. तशी आता ती यांच्याशी बोलायला लागली होती, पण मोजकं, तार पाठवल्यासारखं.

सुरुवात छान झाली. मी म्हणायचे नाही, पण मला मजा येत होती. लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवत होते. वन्संला टाळ्या चालतात, "बिचारी" चालत नाही. एका बाईने तसं म्हटलं तर ही धावता धावता म्हणाली, "बिचारी माझी वहिनी आहे, तिच्याकडे बघा." खरंच होतं ते. मी घामाने निथळत होते आणि ती नुकती न्हाऊन आल्यासारखी दिसत होती.

अर्ध्याहून पुष्कळ जास्त अंतर गेलं होतं तेव्हा माझ्या डाव्या पोटरीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी ओरडले नाही. दात दाबून पाऊल टाकत राहिले.

"काय झालं?" तिने लगेच विचारलं.

"काही नाही."

"वहिनी, तुझा पाय नीट पडत नाहीये. मला ऐकू येतंय."

"पेटका आहे. जाईल."

तो गेला नाही. प्रत्येक पावलाला कळ मस्तकात जात होती आणि आमचा वेग चालण्यावर आला होता. मागून झाडूबस येत होती. ठरलेल्या वेळेत जे पोचणार नाहीत त्यांना ती मागून गोळा करत येते, केर भरावा तशी, म्हणून धावणारे तिला झाडूबस म्हणतात. ती ज्याला गाठते त्याची शर्यत संपली. तिच्या छतावरचा दिवा मला वळणाआड लुकलुकताना दिसला. वन्संला दिसत नव्हता, पण इंजिन ऐकू येत असणारच.

पाण्याच्या टेबलापाशी पिवळ्या जाकिटात राखीव जोडीदार उभे होते. जोडीदार बदलायचा तर तिथेच बदलता येतो. मी थांबले.

"अजून रेटते मी," मी म्हटलं, पण माझ्याच आवाजावर माझा विश्वास बसला नाही.

ती म्हणाली, "खरं सांग. पोचवशील?"

तिच्याशी खोटं बोलणं सोपं असतं तर मी बोललेही असते. "नाही," मी म्हटलं.

एक धिप्पाड, हसतमुख माणूस पुढे आला. तो दातांचा डॉक्टर होता, आणि हे आम्हाला विचारावं लागलं नाही, कारण येतानाच त्याने स्वतःची सगळी माहिती दिली. समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून एकट्यानेच बोलायची सवय असावी. मी भराभर सांगितलं, ती उजवीकडे धावते, बिचारी म्हणू नका, शाब्बास म्हणू नका, पाणी तिच्या हातात द्या, तोंडाशी धरू नका, आणि काय वाटेल ते होऊ दे, ओढू नका. तो सगळ्याला "हो हो" म्हणाला.

मी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. मला वाटलं, वन्सं काहीतरी म्हणेल. निदान एक क्षण घुटमळेल, माझ्या दंडाला हात लावेल.

"जाते," ती म्हणाली, आणि गेली.

एकदाही पाय अडखळला नाही तिचा. मी पाण्याच्या टेबलाला धरून उभी होते आणि ती माणसांच्या गर्दीत लहान होत गेली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनाला लागलं. इतक्या पहाटा उठले, पायाची नखं काळी झाली, आणि ही फोन ठेवावा तशी निघून गेली.

मी पायावर पाणी ओतत बसले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेवटच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कठडे आणि कठड्यांमागे हजारो माणसं असतात. तिथे इतका गलका असतो की स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. गेल्या वर्षी ह्यांचं डोकं तिथेच फिरलं होतं. त्या गलक्यात डॉक्टरांची बडबड काही कामाची नव्हती, तिथे फक्त दोरीवरचा पीळ कळला असता. रेषेच्या आधी मोठं वळण होतं, आणि मी त्या भल्या माणसाला पाणी कसं द्यायचं ते सांगितलं होतं आणि पिळाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

ती कठड्यावर जाणार, आणि हा घाबरून ओढणार. मला ते चित्र डोळ्यांसमोर दिसलं. परत बाद.

मी उठले. झाडूबस शेजारी येऊन थांबली. दार उघडलं आणि ड्रायव्हर म्हणाला, "या मावशी, बसा. पाय बघा केवढा सुजलाय."

"तुमची बस शेवटच्या माणसाच्या मागे राहणार ना?"

"हो, नियमच आहे."

"मग त्यात बसून मी तिला गाठणार कशी?"

तो हसला. "जोडीदारांचा निकालच नसतो मावशी. कोणासाठी मरताय?"

"मेल्यावर सांगते," मी म्हटलं आणि चालू लागले.

मी पोचून काय करणार होते, कोण जाणे. ती माझ्या कितीतरी पुढे होती. पण बसून राहणं मला जमेना. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. रागाने चालत होते मी. आधी वन्संवर, मग डॉक्टरवर, मग स्वतःवर, आणि राग संपल्यावर नुसतीच चालत होते. लोक घरी निघाले होते. टेबलं आवरली जात होती. रस्त्यावर चुरगळलेले कागदी पेले पडले होते. कुठेतरी मला कळलं की तिच्या जागी मी असते तर पाच वेळा वळून विचारलं असतं, "जाऊ ना? चालेल ना?" आणि तेवढ्यात झाडूबस दोघींच्या अंगावर आली असती.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा तिथे गर्दी उरली नव्हती. माणसं कठडे उचलून ट्रकमध्ये चढवत होती. रेषेपलीकडे हे उभे होते, यांच्या खांद्यावर हात ठेवून वन्सं, आणि बाजूला डॉक्टर. वन्संच्या गुडघ्याला मोठी पट्टी होती.

मी रेषा ओलांडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी सरळ रस्त्यावर बसले.

"ओढलं ना?" मी डॉक्टरला विचारलं.

त्याच्या तोंडून नुसती फुसफुस आली. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. मग आमचे हेच बोलायला लागले, आणि बोलता बोलता यांचे डोळे वाहायला लागले. "कठड्यावर आपटली गं ती. गुडघा फुटला. डॉक्टर धरायला वाकले तर म्हणाली, ओढलंत तर याद राखा! मी इथूनच ऐकलं. एवढ्या गलक्यात ऐकलं."

"मग?"

"मग काय," वन्सं म्हणाली. "कठड्यावर हात ठेवून रस्ता कुठे जातो ते बघितलं. माणसं दोन्हीकडे ओरडतच होती. दोन्ही कानांत आवाज सारखा ठेवला. एकीकडचा वाढला की दुसरीकडे सरकायचं. डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही एक पाऊल मागे राहा आणि दोरी तेवढी धरा."

"आणि निकाल?"

"लागला," हे म्हणाले. "वेळेत. हिच्या नावाचा."

इतकी वर्षं मी तिच्यासाठी दारं उघडली, ताट सरकवलं, पायऱ्या सांगितल्या, आणि आजसुद्धा वाटेत तिच्यासाठी जीव टाकत आले होते. तिला माझी गरज लागली नव्हती. मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचंच होतं, पण सगळंच आनंदाचं नव्हतं.

ती चाचपडत माझ्या शेजारी रस्त्यावर बसली. तिचा हात माझ्या सुजलेल्या पोटरीवर आला आणि तिथेच राहिला.

"मी न थांबता गेले म्हणून चिडलीस?"

"चिडले. अर्धा रस्ता."

"मग?"

मी नाक पुसलं. "थांबली असतीस ना वन्सं, तर आयुष्यात तुझ्याशी बोलले नसते."

"माहीत होतं," ती म्हणाली. "एक क्षण जरी थांबले असते, तर मला तुला सोडून जाता आलं नसतं."