काठावरची न्याहारी

सासऱ्यांनी डबा घासून पालथा घातलेला दिसला आणि मी कपाळावर हात मारला.

त्या डब्यात चार दिवस कुजवलेली मासळी होती. ओढ्याकाठच्या चिखलात ती कालवली की निळ्या पट्ट्याची फुलपाखरं येतात आणि फुलांकडे ढुंकूनही न बघता मीठ शोषत बसतात. सहा वर्षं मी त्यांची मोजणी करतेय. आज दहा वाजता वनखात्याचे साहेब पाहणीला येणार होते. एका वेळी पाच दिसली तर काठ वाचणार, नाही तर तिथे भराव घालून गाड्या लावायला जागा करणार. आणि घरात वास नको म्हणून सासऱ्यांनी पहाटेच डबा लख्ख केला होता.

चूक कळल्यावर तेही माझ्यासोबत आले. नऊ वाजून गेले तरी काठावर एक फुलपाखरू नाही. मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

"मासळीच लागते का गं त्यांना?" त्यांनी चाचरत विचारलं. "दुसरं काही?"

शेण चालतं, पण आसपास गुरं नव्हती. घाम चालतो, पण तो कितीसा निघणार? आणखी एक चालतं, ते सुनेने सासऱ्यांपुढे काढायचं नसतं. माझ्या परीने व्हायचं तेवढं मी आडोशाला करून आले होते, पण ते पुरलं नव्हतं.

"बाबा," मी ओढ्याकडे बघत म्हणाले, "आपण बाथरूमला जातो ना, तेही चालतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. जेवताना कुणी कोपर टेकलेलं त्यांना खपत नाही. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग चपला काढून, पँट दुमडून चिखलात उतरले.

"तिकडे बघ," एवढंच म्हणाले.

साहेब आले तेव्हा ओल्या चिखलात सोंडा खुपसून तीन फुलपाखरं बसली होती. थोड्या वेळाने चौथं आलं. साहेबांनी दोनदा मोजलं, घड्याळ पाहिलं.

"चारच आहेत, मॅडम. नियम पाचचा आहे," म्हणत ते पेनला टोपण लावू लागले.

बाबा माझ्या कानाशी आले.

"सूनबाई, साहेबांना अर्धा तास बोलण्यात गुंतव," ते कुजबुजले, "आणि आधी मला पाणी दे."