वाकड्या पायाची पट्टी

भिंगरीच्या भाचीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात जो तो बाळंतिणीच्या मागे असताना भिंगरी भर सिग्नलला सायकलसकट आडवी झाली. तेही थोरल्या भावाच्या शिंपीदुकानासमोर, चार गिऱ्हाइकं बघत असताना.

भिंगरी म्हणजे काही पोर नव्हे. पोस्टातून निवृत्त झालेली, डोक्यावर एक काळा केस शोधून सापडायचा नाही अशी बाई. नाव लहानपणचं, चिकटलं ते चिकटलं. तिच्या शर्यतीच्या बुटांना तळाशी क्लीट म्हणतात तशा प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. पेडलवर पाय ठेवला की खटकन अडकायच्या, टाच बाहेर फिरवली की सुटायच्या. झिजून झिजून त्या दिवशी सुटल्याच नाहीत.

"पुरे झालं आता," दादा म्हणाला. "या वयात लोक गुडघ्याला तेल चोळतात."

"मी साखळीला घालते," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात खरचटलेलं कोपर दाखवायला गेली, तेवढ्यात दादाने बुटांच्या पट्ट्या काढल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. वर ताठ मानेने सांगितलंही. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्ट्या झिजल्या होत्या, त्या जाणारच होत्या. पण जुनी पट्टी काढण्याआधी तिच्याभोवती पेनाने रेघ मारून घ्यायची असते, म्हणजे नवी त्याच जागी बसते. ती जागा तिने कित्येक महिने गुडघे दुखवून शोधली होती. दादाने पट्ट्यांबरोबर तीही पुसली.

तिने नवी जोडी आणली. दुकानातल्या मेकॅनिकने दोन्ही पायांना सारखी, नाकासमोर सरळ बसवून दिली. आठवडाभरात डावा गुडघा ठणकायला लागला.

"बघ, गुडघाच नको म्हणतोय," दादा म्हणाला.

"गुडघ्याला बोलायचं असेल तर माझ्याशी बोलेल. तू मध्ये पडू नकोस."

"असं? मग तुझ्या सायकल क्लबाची घाटाची फेरी आहे ना रविवारी? न उतरता चढून दाखव, मी तोंडाला टाके घालून घेईन. उतरलीस तर सायकल भंगारात."

"ठरलं!"

वहिनी भाजी निवडत होती. "टाके मी घालणार," ती म्हणाली. "तीस वर्षं वाट बघतेय."

शनिवारी दुपारी भिंगरी बूट घालून जेवणाच्या टेबलावर चढून बसली आणि पाय खाली मोकळे सोडले. उजवा सरळ लोंबला. डाव्याचा घोटा पोस्टाच्या पायऱ्यांवर मोडून वाकडाच जुळलेला, त्याचा चवडा बाहेर वळला. पट्टी त्याच कोनात हवी. पण बसल्या बसल्या स्वतःच्या तळव्यावर खूण करणार कशी? वहिनी जुळ्यांकडे गेलेली. घरात एकटा दादा.

"दादा, खडू घेऊन ये."

"मी? पैज माझ्याविरुद्ध आणि खूणही मीच करू?"

"खोटी कर हवी तर. मी तशीच चढेन."

दादा पुटपुटत आला, हाडं वाजवत जमिनीवर बसला. त्याने डावा बूट बघितला, मग उजवा. कपाळाला आठी पडली.

"कुणी सारखं बसवलं हे? गाढवच दिसतोय. प्रत्येकाचा एक खांदा उतरता असतो, आपण गिऱ्हाइकाला सांगतो का? गुपचूप तसं बेततो." बोलता बोलता त्याने अंगठ्यामागचं हाड बुटावरून चाचपलं, करंगळीमागचं चाचपलं, दोन्हीकडे टिंब दिलं. मग तळव्यावर फूटपट्टी धरून रेघ ओढली. तिरकी, पण खरी. चुकीची रेघ ओढणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि आता शिकायचं वय गेलं होतं.

"हरशील," भिंगरी म्हणाली.

"पाय हलवू नकोस."

तिने पट्टी त्या रेघेवर धरली, स्क्रूंना ग्रीस लावलं आणि षटकोनी एलन कीने तिन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच आधी गच्च केला तर पट्टी सरकते.

घाट तिने सगळ्यांच्या शेवटी चढला. मधल्या वळणावर एक पोरगा म्हणाला, "काकू, उतरा, हातात धरून चालवू." ती म्हणाली, "तू चालव." धाप लागली, मांड्या थरथरल्या, पण गुडघा गप्प होता. वर पोहोचली तेव्हा बाकीच्यांचा चहा पिऊन झाला होता. बसने आलेला दादा कठड्यावर बसला होता. शेजारी वहिनीने पर्समधून सुई काढून दोरा ओवायला घेतला. भिंगरी पाय फिरवून खटकन सुटली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

दादाने तिच्याकडे न बघता डावा बूट बघितला. "रेघ अजून एक सूत बाहेर चालली असती," म्हणाला.

"टाके!" वहिनी म्हणाली.

खडूची ती रेघ भिंगरीने घरी येऊन पक्क्या शाईने गिरवली. त्यानंतर दोनदा पट्ट्या बदलल्या, दोन्ही वेळा त्याच रेघेवर. मेकॅनिक अजूनही वाकडी म्हणतो. म्हणू दे.

जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, फेब्रुवारीत, दादा हृदयविकाराने गेला.